साठ हजारांत जुनी हूडवाली जिप्सी: कामाला खालून लागा

सर, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही 2007 ची मारुती जिप्सी किंग, हूडवाली (कापडी छताची), अडीच लाखांना घेतली. हातात 60 हजार उरलेत. हूड दोन ठिकाणी फाटलाय, मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडलीय, 55-60 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी साठतं आणि रंग उडालाय. शाळेत शिक्षक आहात, राहता चिपळूणला, पावसाला दोन महिने आहेत. नवा हूड, रंग आणि रुंद टायर आधी करायचे, उरलेल्या पैशांत बाकीचं बघायचं, असा तुमचा बेत आहे.

हा बेत उलटा करा. मी कोल्हापुरात 26 वर्षं याच गाड्यांखाली झोपून काढलीत आणि तुमच्या बेतातली चूक मी स्वतः करून बसलोय. माझी पहिली जिप्सी जुन्या 970 सीसी इंजिनाची. घेतल्याघेतल्या लाल रंग मारला, नवा हूड चढवला, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या महिन्यात आंबा घाटात एका वळणावर मागून कडाड्कन आवाज आला आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. उतरून बघतो तर डाव्या पाट्याचा (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) मागचा हँगर चासीपासून निम्मा फाटलेला, ॲक्सलचं हाउसिंग मागं सरकलेलं आणि टायर मडगार्डला घासतोय. पेंटरनं त्या गंजावरच काळा रंग फासून दिला होता. रंग बघून मी पैसे दिले होते, त्यामुळं त्याला तरी काय बोलणार.

तुमच्या 60 हजारांची वाटणी मी अशी करीन: 20 ब्रेक आणि स्टिअरिंगला, 15 चासी-पत्र्याला, 10 इंजिन, तेलं आणि रबरी नळ्यांना, 8 हूडला. उरलेले 7 हजार राखून ठेवायचे. जुनी गाडी उघडली की एक तरी गोष्ट अशी निघते जी कुणाच्या यादीत नसते. रंगाला यंदा शून्य. टायरचं पुढं सांगतो.

पहिलं काम फुकटातलं आहे. या रविवारी दोन्ही पुढच्या सीट काढा, चार-चार बोल्ट असतात. मॅट उचला. तिच्याखाली जुन्या गाड्यांत नमद्याचा किंवा फोमचा थर टाकलेला असतो. तो पिळून बघा. तुमच्याकडं पायाखाली पाणी साठतंय म्हणजे तो ओला असणारच, एप्रिलमध्येसुद्धा. कुबट वास, खाली काळपट ओल, आणि नखानं खरवडलं तर पापुद्रे. तो थर टाकून द्या, पुन्हा घालू नका. नुसती रबरी मॅट ठेवा, आठवड्यातून एकदा उचलून वाळवता येईल अशी.

इथं एक समजून घ्या. उघड्या गाडीत पाणी येणारच. हूड कितीही चांगला शिवला तरी कोकणातला आडवा पाऊस काचेच्या रबरातून, दाराच्या फटीतून आत शिरतो. त्यामुळं पाणी अडवण्यावर सगळे पैसे घालू नका, त्याला बाहेर जायची वाट ठेवा. तळाला रबरी बुचं असतात, ती निघतात का बघा. बऱ्याच गाड्यांत कुणीतरी त्यांच्यावरून डांबरासारखं कोटिंग मारून ती कायमची बंद करून टाकलेली असतात. मग तळ म्हणजे परात होतो आणि पाणी चार महिने तिथंच बसून पत्रा खातं. पावसाळ्यात गाडी उभी असताना मी बुचं काढूनच ठेवतो. दाराच्या खालच्या कडेलाही भोकं असतात, तिथली माती तारेनं मोकळी करा.

पाणी नेमकं कुठून येतं ते शोधायला मशीन लागत नाही. तळ कोरडा करून त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरा. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपचं पाणी सोडायचं. आधी खाली, मग हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडनं ओघळतं आणि काही कळत नाही. बोनेटच्या मागची पट्टी, मग काचेचं खालचं रबर, मग दाराचं बिजागर, सगळ्यात शेवटी हूड. पावडरीवर पहिली रेघ उमटली की पाइप तिथंच थांबवा. माझ्या अनुभवात ड्रायव्हरच्या पायाखालचं पाणी हूडातून कमी आणि काचेच्या खालच्या रबरातून जास्त येतं. म्हणजे नवा हूड घालूनही तुमचं डबकं तसंच राहिलं असतं.

आता चासी. जिप्सीची बॉडी वेगळ्या शिडीसारख्या चासीवर बसलेली आहे, त्यामुळं पत्रा सडला तरी गाडी वाचते. चासी सडली तर मात्र विचार करावा लागतो. अर्ध्या किलोची हातोडी घ्या, गाडी सपाट जागी स्टँडवर उचला (नुसत्या जॅकवर कधीही खाली शिरू नका) आणि चासी पुढून मागं ठोकत जा. चांगला लोखंडी पत्रा टण् वाजतो. सडलेला थप् वाजतो, आतून माती आणि गंजाचे पापुद्रे गळतात. पाट्यांचे हँगर, मागच्या चाकांच्या वरचा वळणाचा भाग आणि बॉडी माउंटच्या रबरांभोवतीचा पत्रा, इथं जास्त वेळ द्या. संशय आला तिथं जाड पेचकस दाबून बघा. आत गेला तर तिथं काम आहे.

पत्रा जोडायचा तर सडका भाग कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगनं लावायचा. सडक्या पत्र्यावर दुसरा पत्रा ठेवून टाचे मारणारा मिस्त्री स्वस्त पडतो, पण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहतं आणि दोन पावसांत दोन्ही जातात. लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करून देणाऱ्याला तर हातच लावू देऊ नका. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची. टाकीच्या आसपास काम असेल तर टाकी खाली उतरवायचीच, तिथं ‘काय होत नाही’ चालत नाही. आणि चासी नंबर कोरलाय त्या जागेजवळ ग्राइंडर नको. नंबर पुसट झाला तर आरटीओत तुमची काय अवस्था होईल ते मी पाहिलंय.

वेल्डिंगनंतर वायर ब्रश, मग प्रायमर, मग रंग, मग कोटिंग. क्रम चुकवू नका. जळकं ऑइल चासीला फासायची आपल्याकडं जुनी खोड आहे. गंज थोडा थांबतो हे खरं, पण ऑइल पाट्यांच्या रबरी बुशांवर गेलं की ते फुगून मऊ होतात, शिवाय पहिल्या पावसात सगळं धुऊन ओढ्यात जातं.

हातोडी हातात आहे तोवर आणखी एक. तुमची गाडी एमएच 09 ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, आणि तुम्ही चिपळूणचे. 2019 आणि 2021 चे पूर दोन्हीकडच्या लोकांना सांगायला नकोत. गाडी पुरात बुडालेली होती का, हे विकणारा सांगत नाही, गाडी सांगते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. जो भाग नेहमी गुंडाळलेला असतो त्यावर मातकट रेघ दिसली तर समजा. डॅशबोर्डखाली हात घालून वायरींच्या जुडग्यावरून बोट फिरवा, बारीक गाळ बोटाला लागतो. तसं निघालं तर राखून ठेवलेले 7 हजार वायरिंगच्या जोडांवर आणि अर्थिंगवर जातील.

थरथरीकडं येतो. चार लोक तुम्हाला चार सल्ले देतील आणि त्यातले तीन स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके दाबणारा दांडा) बदला म्हणतील. डॅम्पर बदलला की थरथर दबते, जात नाही. चार महिन्यांनी परत येते, तीही जास्त जोरानं, कारण मधल्या काळात खालचं झिजतच असतं.

आधी स्वस्तातलं: चाकांचं बॅलन्सिंग करा, टायरमधली हवा बरोबर करा, रिम वाकलंय का ते चाक फिरवून बघा. यातच थांबली तर तुम्ही नशीबवान. नाही थांबली तर पुढची दोन्ही चाकं उचला. चाक वरून आणि खालून धरा, घड्याळातल्या 12 आणि 6 वर, आणि हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनचा, म्हणजे ज्या खुंटीवर पुढचं चाक डावीउजवीकडं वळतं तिचा. मग 9 आणि 3 वर धरून हलवा, तिथला खेळ टाय रॉडच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकांचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा. पाच मिनिटांची ही तपासणी न करता जो गॅरेजवाला थेट पार्टची यादी लिहायला घेतो, त्याच्याकडून चहा पिऊन निघा.

2007 च्या गाडीत किंगपिनचे बेअरिंग एकदाही बदललेले नसतील तर माझी पैज तिथंच. दोन्ही बाजूंना वरखाली एकेक, असे चार बेअरिंग असतात. चाकाच्या आतल्या बाजूला मोठा गोळा दिसतो, त्याचं सील फाटलं की ग्रीस बाहेर आणि पाणी आत. उघडल्यावर लोण्यासारखं ग्रीस निघायच्या ऐवजी तांबूस चिखल निघतो आणि बेअरिंगच्या वाटीत रोलरचे खड्डे पडलेले दिसतात. स्टिअरिंग सरळ असताना रोलर त्याच खड्ड्यात बसून थडथडतात, आणि थरथर सुरू होते. बेअरिंग आणि सील एकदमच बदलायचे, आणि नंतर पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घालून किंगपिन किती घट्ट फिरतो ते स्प्रिंग काट्यानं मोजायचं. हाताच्या अंदाजानं आवळणारे बरेच आहेत. सैल राहिलं तर थरथर परत, जास्त आवळलं तर स्टिअरिंग वळल्यावर आपोआप सरळ येत नाही. पॉवर स्टिअरिंग नसल्यानं घाटात खांदे भरून येतात ते वेगळंच.

त्याच वेळी पाट्यांचे बुश बदलून घ्या. मेन पाटा तुटलेला नसेल तर नवे पाटे नकोत, खोलून साफ करून परत बसवले तरी गाडी निम्मी मऊ होते. प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस हातानं पिळून बघा. खेळ असेल तो बदला, नसतील त्यांना ग्रीस मारा.

रुंद टायर यंदा विसरा. ते जड असतात, झिजलेल्या किंगपिनवर आणखी भार टाकतात आणि ही जी थरथर तुम्ही घालवताय तीच वाढवतात. आधीच्या मापाचे टायर पुरेत. ते अजून चालतील का, ते नुसत्या नक्षीवर ठरवू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 3216 म्हणजे 2016 सालचा 32 वा आठवडा. उन्हात उभ्या राहिलेल्या जिप्सीचे टायर नक्षी शिल्लक असतानाच कडक होतात आणि पहिल्या पावसात साबणासारखे सरकतात. सात-आठ वर्षांवरचे निघाले तर हूडला ठिगळ लावा आणि पैसा टायरला वळवा. ही एकच गोष्ट माझी वाटणी मोडू शकते.

ब्रेकचं थोडक्यात. मागचे दोन्ही ड्रम उघडा. आत ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळतोय, तो बदला, नुसते वॉशर नकोत. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, त्यामुळं ते काळं पडलं असेल तर पूर्ण काढून नवं भरा. चाकांकडं जाणाऱ्या रबरी नळ्या वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर सगळ्याच बदला. लोखंडी ब्रेक पाइप चासीला जिथं क्लिपनं धरलाय तिथं गंजतो, क्लिप उघडल्याशिवाय दिसत नाही.

इंजिन तुमचं 1298 सीसी, 16 व्हॉल्व्हचं, मजबूत आहे. पण ते सगळं ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम झालेलं त्याला सोसत नाही. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी असेल तर धुवून कूलंट भरा. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढुरका थर आहे का बघा, आणि इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का तेही. दोन्ही असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि मला परत विचारा. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे आधीच्या मालकाला माहीत नसेल तर तो बदललेला नाही असं धरून चाला. इंजिन ऑइल सगळेच बदलतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढचं-मागचं डिफरन्शियल, अशी आणखी चार ठिकाणची तेलं आहेत, ती कुणी बघत नाही. दुधाळ निघालं तर गाडी कधीतरी ओढ्यात उभी होती. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या घाला. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनी रबरं त्यानं लवकर खराब होतात. हे काम अगदीच स्वस्त आहे आणि न केलं तर आग लागू शकते.

आता तुमच्या आवडीचा विषय, हूड. तो कशामुळं फाटला ते आधी बघा. फाटलेल्या जागेच्या बरोबर खाली सांगाड्याच्या पाइपाचं टोक, वेल्डिंगचा गोळा किंवा स्क्रू सापडेलच. तो कानसीनं घासून, रंगवून, त्यावर जाड कापडी पट्टी गुंडाळल्याशिवाय नवा हूड घातला तर तोही तिथंच फाटेल. दोन ठिकाणची फाट विताच्या आत असेल तर ठिगळ लावा. ठिगळ आतून एक, बाहेरून एक, आणि कोपरे गोल कापलेले. चौकोनी ठिगळाचा कोपरा आधी उचलतो.

नवाच करायचा ठरला तर कापड कुठलं? जाड सुती कॅनव्हास दिसतो झकास, आणि ओला झाला की धागा फुगून सुईची भोकं बुजतात. पण चिपळूणच्या हवेत त्याला बुरशी धरणार, जुलैत गाडीत बसलात की शाळेचा कोट काळा. तुमच्यासाठी पीव्हीसीचा लेप असलेलं कापडच बरं. त्याचा दोष असा की सुईचं भोक भोकच राहतं. म्हणून छताच्या शिवणी शिवून न थांबता गरम हवेच्या मशीननं वरून पट्टी चिकटवून घ्या. ताडपत्रीवाल्यांकडं हे मशीन असतं, सीट कव्हरवाल्यांकडं बहुधा नसतं. त्यामुळं मी हूडचं काम ताडपत्रीवाल्याला देतो आणि माप स्वतः घेतो. सुती दोरा वापरू देऊ नका, पॉलिस्टरचा जाड दोरा मागा. टिचबटणं पितळी घ्या, लोखंडी एका पावसात गंजून कापडाला तपकिरी डाग देतात. चेनच्या दातांवर मेणबत्ती घासली की ती महिनोन् महिने अडत नाही.

हूड चढवायचा दुपारी, कडक उन्हात. कापड मऊ पडतं, ओढून बसतं, मग गार झालं की ढोलासारखं ताणलं जातं. सकाळच्या गारव्यात बसवलेला हूड दुपारी लोंबतो आणि पावसात मध्यभागी पाण्याचा फुगा धरतो. मागच्या खिडकीचं प्लास्टिक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ नको. धुताना आधी भरपूर पाणी सोडायचं, मग मऊ फडकं. धुळीवर कोरडं फडकं फिरवलं की महिन्याभरात धुरकट. हूड दुमडताना खिडकीच्या घडीत जुना टॉवेल ठेवायचा. आणि ओला हूड दुमडून रात्रभर ठेवायचा नाही, कितीही कंटाळा आला तरी.

रंगाबद्दल तुम्ही मिलिटरी हिरवा म्हणालात. तो नको. ऑलिव्ह ग्रीन रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणं फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. पुढच्या वर्षी दुसरा कुठलाही निवडा आणि आरसीवर नोंदवून घ्या. यंदा जिथं पत्रा उघडा पडलाय तिथं प्रायमर आणि ब्रशनं जवळपासचा रंग. लांबून कुणाला कळत नाही, आणि जवळून बघणाऱ्याला ती चासी दाखवा.

कागदांचं एवढंच: आरसी तुमच्या नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, आणि विमा 14 दिवसांत नावावर करायला अर्ज करायचा असतो. शिक्षक माणूस, तुम्ही केलंच असेल. 15 वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण 5 वर्षांचं असतं, ती तारीख बघा. मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवून महामार्गावर जाऊ नका. बेल्ट नाही, डोक्यावर कापड आहे. गावात, शेताच्या रस्त्यानं, सावकाश, ठीक आहे.

जुना हूड काढलात की टाकू नका. ताडपत्रीवाल्याला तोच नेऊन द्या, उसवून त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवले की सगळं माप मिळतं, टिचबटणांच्या जागांसकट. फक्त ज्या बाजूनं तो ताणून लांब झालाय ती खडूनं खूण करून सांगा. आणि त्याला आत्ताच गाठा. मेच्या मध्यानंतर घरांच्या, ट्रकांच्या ताडपत्र्यांची त्याच्याकडं रांग लागते आणि एका जिप्सीसाठी तो फोनही उचलत नाही.